यादी लागेपर्यंतची माणसं

“सध्या काय करतेस?” या प्रश्नाला “तयारी” असं एका शब्दात उत्तर देता येतं, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. कशाची तयारी, हे कुणी विचारत नाही. पदवी झालीये, नोकरी नाही, आणि तरीही आपण रिकामे बसलेलो नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात येऊन जातं. घरमालकासमोर तो चालतो, लग्नाच्या बोलणीत चालतो, गावाकडे जाताना एसटीत शेजारी बसलेल्या काकांपुढेही चालतो. आत किती वर्षं गेली आहेत, हे मात्र त्यातून बाहेर दिसत नाही.

आकडे एकदाच सांगते आणि पुढे जाते. २०२४च्या यूपीएससी नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले होते. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. शेवटच्या यादीत नावं आली १,००९. राज्यसेवा, कंबाइन, तलाठी, पोलीस भरती, बँका, रेल्वे यांची गर्दी यात धरलेलीच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहभागाने निघालेल्या ‘भारत रोजगार अहवाल २०२४’नुसार २०२२मध्ये पदवीधर तरुणांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो ३.४ टक्के होता. शिकलेल्यांना काम नाही आणि न शिकलेल्यांना वाट बघत बसणं परवडत नाही, असा त्याचा साधा अर्थ.

पंचविशीच्या आसपासची वर्षं इतकी माणसं ज्या अवस्थेत घालवतात, तिच्याबद्दल आपल्याकडे गोष्टी कोणत्या आहेत? मी नवी पेठेत चार वर्षं काढली. त्या काळात आणि नंतरही या विषयावरचं जे हाताला लागलं ते पाहिलं, वाचलं. माझी तक्रार अशी आहे की यातली बहुतेक कथानकं यादी लागल्यानंतर सांगितलेली आहेत. सांगणारा पास झालेला असतो किंवा गोष्ट पास होणाऱ्याची असते. मग मागची सगळी वर्षं आपोआप ‘संघर्ष’ ठरतात. यादीत नाव नसेल तर त्याच वर्षांना काय म्हणायचं, हे या गोष्टी सांगत नाहीत.

पिठाच्या गिरणीतला माणूस

‘ट्वेल्थ फेल’पासून सुरुवात करू, कारण तो तुम्ही बहुतेकांनी पाहिलाय. विधू विनोद चोप्रांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०२३मध्ये आला. अनुराग पाठक यांच्या हिंदी पुस्तकावर तो बेतलेला आहे. पुस्तकातले मनोजकुमार शर्मा महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी, त्यामुळे आपल्याकडे तो जरा जास्तच आपला वाटला. पुढे २०२३चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमा चांगला आहे, आणि का चांगला आहे हे आधी सांगायला हवं. दिल्लीच्या मुखर्जीनगरात मनोज पिठाच्या गिरणीत काम करतो, तिथेच राहतो. त्याच्या केसांवर, पापण्यांवर पीठ बसलेलं असतं. तयारी म्हणजे नुसता अभ्यास नसतो. अभ्यासाचे तास विकत घ्यावे लागतात, आणि ते विकत घेण्यासाठी दुसरं कुठलं तरी काम करावं लागतं, हे हिंदी सिनेमात इतकं स्पष्ट क्वचितच दिसलंय. विक्रांत मॅसीच्या चालण्यात तो थकवा दिसतो.

पण प्रत्येक कष्ट इथे बँकेत टाकलेल्या रकमेसारखा जमा होतो. गिरणी, चंबळ, बारावीला नापास होणं, हे सगळं शेवटी मुलाखतीच्या खोलीत व्याजासकट परत मिळतं. जी गोष्ट आजवर लपवावीशी वाटली, तीच मंडळासमोर त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरते. आता एक प्रयोग करून बघा. सगळे प्रसंग तेच ठेवा, फक्त शेवटच्या यादीतून नाव काढा. गिरणीतले तेच प्रसंग तुम्ही त्याच डोळ्यांनी बघाल का? मला वाटतं, तेव्हा आपण म्हणू, एवढा हुशार पोरगा, वेळेवर दुसरं काही धरायला हवं होतं.

हा दुसरा सिनेमा ‘ट्वेल्थ फेल’च्या आतच आहे. त्याचं नाव गौरी भैया. शेवटचा अटेम्प्ट गेल्यावर तो गावी परत जात नाही. तिथेच चहाचं दुकान टाकतो, नव्या पोरांना ‘रीस्टार्ट’ करायला शिकवतो. प्रेक्षक त्याच्यावर प्रेम करतात, दिग्दर्शकही करतो. पण रात्री दुकान बंद केल्यावर तो काय करतो, आई फोनवर काय विचारते, तो काय सांगतो, हे आपल्याला कळत नाही. त्याचं हरणं हे मनोजच्या जिंकण्याचं इंधन आहे, आणि तेवढ्यापुरतंच ते पडद्यावर येतं.

श्रद्धाचंही तसंच. ती मनोजच्या आधी राज्याची परीक्षा पास होते, उपजिल्हाधिकारी होते. मग तिचा अभ्यास कुठे आहे? मनोजचा प्रत्येक टप्पा आपण बघतो. तिचं पास होणं मात्र बातमीसारखं येतं.

संदीप भैयाचं काय करायचं?

टीव्हीएफची ‘ॲस्पिरंट्स’ ही सीरिज २०२१मध्ये यूट्यूबवर आली. पहिल्या सीझनमध्ये फक्त पाच भाग होते. आमच्या अभ्यासिकेत लोक ती जेवताना, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून बघायचे. दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमधले तीन मित्र: अभिलाष, गुरी आणि एसके. अभिलाष अधिकारी होतो, गुरी धंद्यात पडतो, एसके क्लासमध्ये शिकवायला लागतो.

मला ही सीरिज ‘ट्वेल्थ फेल’पेक्षा जास्त खरी वाटते, ती एसकेमुळे. जो पास झाला नाही तो पुढच्या बॅचला पास कसं व्हायचं ते शिकवतो, हे पेठांमधलं रोजचं वास्तव आहे. पाच वर्षांत पॉलिटी तोंडपाठ झालेली असते. ते ज्ञान दुसऱ्या कुठल्या दुकानात खपत नाही, म्हणून ते त्याच दुकानात विकायचं. सीरिज यात कडवटपणा आणत नाही. एसके आपल्या कामात सुखी दिसतो, आणि तो तसा असू शकतो, हे मान्य करायचं धाडस तिच्यात आहे.

तरी सांगायची पद्धत तीच. आज गाडीतून फिरणारा अधिकारी आणि कालचा खोलीतला पोरगा, असं मागेपुढे जात कथानक चालतं. तो पोहोचलाय हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे खोलीतली अनिश्चितता आपल्याला लागत नाही.

आणि मग संदीप भैया. शेवटचा अटेम्प्ट गेल्यावर तो खोली सोडतो, तो प्रसंग पहिल्या सीझनमधला सगळ्यात चांगला. सात-आठ वर्षं जिथे काढली ती जागा सोडताना माणसाबरोबर किती थोडं सामान निघतं, हे तिथे दिसतं. सीझन संपता संपता मात्र तो राज्याची परीक्षा पास झालेला अधिकारी म्हणून परत येतो. आमच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. एवढ्या लाडक्या माणसाला यादीबाहेर ठेवणं लेखकांना जमलं नाही, आणि प्रेक्षकांनाही ते झेपलं नसतं. पण अटेम्प्ट संपल्यावर ज्यांना दुसरी कुठलीच यादी मिळत नाही, त्यांच्यासाठी संदीप भैया हा एकच आरसा होता. सीझन संपायच्या आत तो काढून घेतला गेला.

खानदेशातले दोघे

मराठीत या गोष्टी पुस्तकांतून आधीच आल्या होत्या. अप्पा बळवंत चौकात गाइडांच्या ढिगांशेजारी अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं मांडलेली असतात. विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ आणि राजेश पाटलांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ ही त्यातली दोन गाजलेली. राजेश पाटील जळगाव जिल्ह्यातले, लहानपणी शेतमजुरी केलेले, पुढे ओडिशा केडरचे आयएएस झाले. पुस्तकाचं नाव अहिराणीत आहे, आणि मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अहिराणीतलं वाक्य येणं ही साधी गोष्ट नाही. क्रियापद मात्र भूतकाळी आहे, ‘व्हयनू’ म्हणजे झालो. वाचायला सुरुवात करायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

या पुस्तकांना नाक मुरडणं सोपं आहे आणि शहरी साहित्यिक वर्तुळात ते केलंही जातं. मला ते मान्य नाही. ज्या घरात कुणी तहसील कचेरीत चप्पल काढून उभं राहिलेलं असतं, त्या घरातल्या मुलीला हे पुस्तक सांगतं की त्या टेबलापलीकडे आपल्यासारखं माणूस बसू शकतं. ही साक्ष आहे आणि तिची गरज होती. अडचण पुस्तकांत नाही. अडचण ही की दुसरं काही शेजारी मांडलेलं नाही, त्यामुळे हाच जगण्याचा एकमेव आराखडा होऊन बसतो.

शेजारी काय मांडता येईल? त्याच जळगाव जिल्ह्यातला आणखी एक जण पुण्याला शिकायला आला होता. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३मध्ये आली, तेव्हा लेखकाचं वय पंचवीस होतं. पांडुरंग सांगवीकर पुण्यात हॉस्टेलवर राहतो, मेसच्या आणि गॅदरिंगच्या भानगडींत पैसे घालवतो, परीक्षेत नापास होतो आणि गावी परत येतो. यादी नाही, मुलाखत नाही, ‘पण शेवटी’ नाही. फुकट गेलेली वर्षं फुकट गेलेली म्हणूनच सांगायची, आणि तरी ती वाचनीय करायची, हे मराठीत या कादंबरीने करून दाखवलं.

‘कोसला’ वाचताना मला मोठा दिलासा मिळाला, पण तो पुरला नाही. पांडुरंगाच्या वडिलांकडे जमीन आहे, पैसा आहे. बापाशी कितीही भांडण असलं तरी परत जायला घर आणि दोन वेळचं जेवण आहे. त्याचं रिकामपण त्याला परवडतं. नवी पेठेतल्या कॉट बेसिसवरच्या पोराचा बाप दर महिन्याला पाच हजार पाठवतो ते कांद्याच्या, कापसाच्या भावावर. त्या पोराला ‘सगळंच निरर्थक’ म्हणून बसता येत नाही, कारण त्या निरर्थकतेचा खर्च दुसरं कुणीतरी करत असतं. पांडुरंगाचा सूर उसना घेऊन आजची गोष्ट सांगता येणार नाही.

कलकत्त्यातला व्हरांडा

मला हवं होतं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट बंगालीत सापडली. सत्यजित राय यांचा ‘प्रतिद्वंद्वी’ १९७०चा. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरून केलेला. वडील वारल्यामुळे सिद्धार्थला मेडिकलचं शिक्षण सोडावं लागतं. तो नोकरी शोधतो. सुरुवातीच्या मुलाखतीत त्याला विचारतात, गेल्या दशकातली सगळ्यात महत्त्वाची घटना कोणती? तो व्हिएतनामचं युद्ध म्हणतो. मग माणूस चंद्रावर उतरला ते नाही का, असं विचारल्यावर त्याच्याकडे नीट विचार केलेलं उत्तर आहे. नोकरी मात्र मिळत नाही.

हा प्रसंग ‘ट्वेल्थ फेल’मधल्या मुलाखतीशेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे उमेदवार खरं बोलतो. एकीकडे खरं बोलण्याला दाद मिळते, दुसरीकडे त्यावर संशय घेतला जातो. रायना आपल्या नायकाच्या प्रामाणिकपणाचं मोल ठरवायला मंडळाची सही लागत नाही. निवड होवो न होवो, ते उत्तर चांगलंच राहतं.

पुढे दुसऱ्या मुलाखतीचा प्रसंग येतो. उकाड्यात, व्हरांड्यात, बसायला पुरेशा खुर्च्या नसताना उमेदवार तासन् तास थांबलेत. सिद्धार्थला क्षणभर ते सगळे सांगाडे दिसतात. शेवटी तो खोलीत घुसून आरडाओरडा करतो, टेबल उलथवतो. राय तो व्हरांडा दाखवायला वेळ घेतात. वाट बघणं ही दोन घटनांमधली पोकळी आहे असं ते धरत नाहीत. वाट बघताना माणसाच्या शरीराचं आणि रागाचं काय होतं, ही त्यांच्यासाठी मुख्य घटना आहे. सिनेमा संपतो तेव्हा सिद्धार्थ कलकत्ता सोडून एका लहान गावात औषधविक्रीच्या नोकरीवर गेलेला असतो आणि पत्र लिहीत असतो. तो हरलाय, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं आहे.

अभ्यासिकेत काय चालतं

आपला व्हरांडा म्हणजे अभ्यासिका. शास्त्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुठल्याही जुन्या इमारतीत वर चढा, ती सापडेल. प्लायवुडचे कप्पे, प्रत्येकाला नंबर, डोक्यावर ट्यूबलाइट, कप्प्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा. लोक महिन्याचे पैसे भरतात आणि सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत त्या खुर्चीवर बसतात. यावर एक अख्खी अर्थव्यवस्था चालते: खोल्या, मेस, झेरॉक्स, टेस्ट सिरीज, चहा. ज्यांना काम नाही त्यांच्यामुळे कितीतरी लोकांना काम मिळालंय.

आणि ‘काम नाही’ हेही पूर्ण खरं नव्हे. माझ्या ओळखीची एक जण रात्री टेस्ट सिरीजचे पेपर तपासायची, एका पेपरचे ठरलेले पैसे. एक जण सकाळी दूध टाकायचा. दोघं-तिघं चालू घडामोडींच्या नोट्स टाइप करून द्यायचे. मी अनुवादाची कामं करायचे. आजही तीच करते, तुकड्या-तुकड्यांनी. विचारलं तर यातला प्रत्येक जण ‘तयारी’ एवढंच सांगायचा. त्या शब्दाने बेकारी झाकली जाते तशी मजुरीही झाकली जाते.

मुलींच्या हॉलमध्ये या शब्दाचा आणखी एक उपयोग होता. तयारी चालू आहे तोवर लग्न थांबतं. अनेकींनी अर्ज भरला तो कलेक्टर व्हायला जितका, तितकाच अजून एक वर्ष पुण्यात राहायला. आयोग वयाची अट घालतो, पण घरची अट त्याच्या बरीच आधी येते. “या वेळचं झालं की बघू” हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून फोनवर ऐकलं त्याला हिशोब नाही. त्या वर्षांत त्या एकट्या सिनेमाला गेल्या, स्वतःचे पैसे स्वतः मोजले, कुणाच्या तरी प्रेमात पडल्या. यातलं काहीही यादीत येणार नव्हतं. एखाद्या मुलीची तयारी अपयशी ठरली आणि तरी ती चार वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोकळी वर्षं होती, असं असू शकतं. अशी गोष्ट मी अजून कुठे पाहिलेली नाही.

बातम्यांमध्ये आम्ही दिसतो ते रस्त्यावर उतरल्यावर किंवा मेल्यावर. ११ मार्च २०२१ला राज्यसेवेची तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली आणि शास्त्री रस्ता भरून गेला, तेव्हा कॅमेरे आले. त्याच वर्षी जूनअखेरीस, पूर्व आणि मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने पुण्यात जीव दिला, तेव्हा आले. २७ जुलै २०२४ला ओल्ड राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तिघांचा जीव गेला, तेव्हा दिल्लीतही आले. ‘ॲस्पिरंट्स’मधलीच ती वस्ती. तीन वर्षांपूर्वी ती आम्हाला स्वप्नातल्या गल्लीसारखी दिसली होती.

यशोगाथा आणि दुर्घटना, या दोन्हींच्या मधला मोठा पट्टा रिकामा आहे. तिथे बहुसंख्य लोक आहेत. ते मरत नाहीत, अधिकारीही होत नाहीत. तिशीला गावी परततात, खासगी शाळेत लागतात, विम्याचं काम करतात, दुकान टाकतात. भूगोलशास्त्रज्ञ क्रेग जेफ्री यांनी मेरठमधल्या अशा शिकलेल्या तरुणांवर २०१०मध्ये एक अभ्यासग्रंथ लिहिला, त्याचं नावच ‘टाइमपास’. रिकाम्या वाटणाऱ्या त्या वेळातून मैत्री आणि राजकारण कसं घडतं, ते त्यांनी नोंदवलंय. एका परदेशी अभ्यासकाला जे दिसलं, ते आपल्या कथाकारांना अजून नीट दिसलेलं नाही.

याने फरक काय पडतो, असं कुणी विचारेल. पडतो, कारण माणसं स्वतःबद्दल बोलतात ती उपलब्ध गोष्टींच्या भाषेत. माझी एक मैत्रीण सहा वर्षांनी परभणीला परत गेली. एका संस्थेत मुलाखतीत तिला विचारलं, “पदवीनंतरची सहा वर्षं काय केलं?” ती म्हणाली, “काही नाही, तयारी.” त्या सहा वर्षांत तिने भारतीय राज्यघटना वाचली होती, बारा मुलींच्या खोलीचा हिशोब सांभाळला होता, आजारी रूममेटला तीन आठवडे दवाखान्यात ने-आण केली होती, आणि दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेली होती. तिला यातलं काही सांगावंसं वाटलं नाही, कारण ते सांगण्यासारखं असतं असं तिला कुठल्या सिनेमाने, कुठल्या पुस्तकाने सांगितलेलंच नव्हतं.

अशी मराठी कादंबरी कुणीतरी लिहावी. तिला ‘कोसला’सारखा निर्भय कान हवा, पण बापाने पाठवलेल्या पैशांचा हिशोबही हवा. ‘प्रतिद्वंद्वी’सारखा व्हरांड्यात थांबायचा धीर हवा. त्यात गौरी भैयाने रात्री दुकान बंद केल्यानंतरचा एक पूर्ण अध्याय असावा, आणि श्रद्धाचा अभ्यास. निकालाचा दिवस आला तर येऊ दे, पण तो पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये पोहे होते की उपमा, हेही मग सांगावं लागेल, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनाच भूक लागते.